चोरीला गेलेले छत्तीस किलोमीटर

"बाजूला व्हा, बाजूला व्हा, बाजू—"

तिसऱ्या वेळेचं 'बाजूला' पूर्ण व्हायच्या आत ती त्याच्या चाकावर आदळली होती.

सकाळी सव्वासहाला, तळ्याकाठच्या वाटेवर, लांब दांड्याचं एक चाक ढकलत, खाली मान घालून, वाटेच्या बरोबर मधून कोणी चालत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रात्रभर भुरभुर पडून नुकतीच थांबली होती. झाडांच्या पानांवर साठलेलं पाणी अधूनमधून मानेवर टपकत होतं आणि ते तिला आवडत होतं. तिसरी फेरी होती. श्वास पायांशी जुळला होता, डोकं रिकामं झालं होतं... अशी लय महिन्यातून दोनदा लागते, आणि ती लागली असताना कोणी मधे चाक घातलं तर माणसाने काय करायचं?

"लागलं का?" चाकवाल्याने विचारलं.

"मला नाही. तुमच्या चाकाला विचारा."

त्याने खरंच चाकाकडे पाहिलं. वाकून दांड्यावरच्या खिडकीतला आकडा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "गेलं. पुन्हा पहिल्यापासून."

"काय पहिल्यापासून?"

"मोजणी. वाट नवीन करायची आहे, म्हणून ऑफिसने पाठवलंय. काल फेरी दोन हजार सातशे साठ मीटर भरली. आज पडताळून बघत होतो."

ती निघाली होती. दोन पावलं गेली आणि थांबली. "किती म्हणालात?"

"दोन हजार सातशे साठ."

"तीन हजार," ती म्हणाली. "फेरी तीन किलोमीटरची आहे. तो तिथे फलक लावलाय, दिसला नाही का तुम्हाला?"

"दिसला." तो जरा ओशाळून हसला. "फलकावर तीन आहेत. चाकावर नाहीत."

"मग चाक खोटं असेल."

"गेल्याच महिन्यात तपासून आणलंय."

"मग तुम्हीच कुठेतरी वाट सोडून चालला असाल."

"मी?" आता राग यायची पाळी त्याची होती. "बाई, अकरा वर्षं हेच काम करतोय. मी वाट सोडून चालत नाही."

"मीही मुलखावेगळं काही बोलत नाहीये. सोळा आठवडे धावतेय मी या वाटेवर."

"तर मग..." तो अडखळला. त्याला खरं तर गप्प बसायचं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पण आकडा एकदा जिभेवर आला की तो गिळणं या माणसाला जमत नसावं. "तर मग दर फेरीला दोनशे चाळीस मीटर कमी धावलात तुम्ही."

एखाद्या अनोळखी माणसाने सकाळी सकाळी तुमच्या घरात शिरून कपाटातली वस्तू उचलावी आणि वर, ही तुमची नव्हतीच, असं सांगावं, तसं तिला झालं. ती फणकाऱ्याने वळली आणि उरलेली फेरी इतक्या वेगाने धावली की शेवटी तिला बाकावर बसून राहावं लागलं.

*

धावणाऱ्यांच्या गटात तिला सगळे ठिणगी म्हणत. हे नाव सरांनी ठेवलेलं. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले व्यायामाचे शिक्षक. तळ्यावरचा फलकही त्यांनीच वीस वर्षांपूर्वी रंगवला होता. ठिणगीची उंची बेताची आणि राग तिच्यापेक्षा हातभर उंच.

तिचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर जबड्याचे साचे पाठवत, आणि ती मेणात दात बसवून, घासून, तासून कवळी तयार करत असे. एक दात अर्धा मिलिमीटर वर राहिला तर म्हातारं माणूस जेवताना रडकुंडीला येतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने मोजणीवाल्यावर विश्वास ठेवला. मोजून पोट भरणारं माणूस दुसऱ्या मोजून पोट भरणाऱ्याला ओळखतं. फोनवर तिचा भरवसा नव्हताच. झाडांखाली तो रोज वेगळा आकडा दाखवायचा, आणि एकदा तर त्याने तिला सरळ तळ्याच्या पाण्यातून धावलेली दाखवली होती.

त्या दिवशी घरी आल्या आल्या तिने वही काढली. सोळा आठवड्यांच्या दीडशे फेऱ्या. दीडशे गुणिले दोनशे चाळीस. तिने दोनदा गुणाकार केला. दोन्ही वेळा छत्तीस किलोमीटर आले.

"छत्तीस," ती आईला म्हणाली. "छत्तीस किलोमीटर गेले माझे."

"कुठे गेले?" आई चहा गाळत म्हणाली.

"तेच तर. कुठेच नव्हते."

दादा वर्तमानपत्रामागून हसला. आठ वर्षांनी मोठा, मायाळू, आणि बहिणीच्या दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवण्यात पटाईत. "म्हणजे आमच्या आरंभशूर बाई धावत होत्या, ते पण पूर्ण नव्हतंच म्हणायचं."

आरंभशूर. हा शब्द या घरात तिच्यासाठीच राखून ठेवलेला होता. दंतवैद्यकाची दोन वर्षं करून तिने कॉलेज सोडलं होतं. पोहण्याचा क्लास अर्ध्यावर. व्हायोलिन पाव वाटेवर. आता कॉलेज सुटलं ते बाबांच्या आजारपणात, आणि बाबांचं आजारपण काही तिने ठरवून आणलं नव्हतं. पण दहा वर्षांनी कारणं कोणाला आठवतात? लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं, की ही मुलगी सुरू करते आणि सोडते.

म्हणून तर हे बेचाळीस किलोमीटर. दहा आठवड्यांवर शर्यत आली होती. संपवलं की संपलं, त्यात कोणाला 'जवळजवळ' म्हणता येणार नाही, कोणाला 'पण' लावता येणार नाही, असं तिला आयुष्यात एक काहीतरी हवं होतं. एक मीटरही कमी नको होता. आणि एक माणूस चाक घेऊन आला आणि म्हणाला, छत्तीस हजार मीटर कमी आहेत.

"भरून काढीन," ती म्हणाली.

"काय?" दादा म्हणाला.

"छत्तीस. दोन आठवड्यांत."

*

लांब पल्ल्याचं धावणाऱ्यांचा एक साधा नियम असतो, आणि सर तो दर रविवारी सांगत: या आठवड्यात जेवढं धावलात, त्याच्या दहाव्या भागाने पुढच्या आठवड्यात वाढवायचं. त्यावर एक पाऊल नाही. फुप्फुसं लवकर तयार होतात, उत्साह तर पहिल्या दिवसापासून तयार असतो. हाडांना वेळ लागतो.

ठिणगीने सरांना काही सांगितलं नाही. रोजच्या फेऱ्यांवर तिने तेरा जास्तीच्या फेऱ्या चौदा दिवसांत वाटून टाकल्या आणि दात-ओठ खाऊन धावू लागली.

मोजणीवाला रोज तिथे असे. चाकाचं काम संपलं होतं. आता तो पुलाजवळ खुंट्या ठोकून, तिकाटण्यावर दुर्बीण बसवून उतार मोजत असे. ती त्याच्यासमोरून दर वीस मिनिटांनी जाई. थांबायचं तर नव्हतंच. त्यामुळे त्यांचं भांडण एका फेरीला एका वाक्याने पुढे सरकायचं.

"आज कोणाचे किती चोरलेत?" ती पहिल्या फेरीला म्हणाली.

दुसऱ्या फेरीला त्याचं उत्तर तयार होतं. "मी चोरत नाही. नव्हते, एवढंच सांगितलं."

तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "वीस मिनिटं विचार करून हे सुचलं तुम्हाला?"

चौथ्या फेरीला तो दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. त्याने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झालेले तिने पाहिले. "यापेक्षा बरं सुचलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही समोर आलात आणि विसरलो."

पुढच्या वळणावर तिच्या लक्षात आलं, की आपण हसतोय. तिने तोंड ताबडतोब सरळ केलं. चोरावर कोणी हसत नसतं.

दुसऱ्या आठवड्यात ती आली की तो खुंट्या बाजूला घेऊन तिच्या पावलांपुरती जागा करून ठेवू लागला. धुक्यात लांबून तिचा पिवळा टी-शर्ट दिसला की तो आधीच वाटेच्या कडेला होई. एकदा त्याने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. तिने घेतली नाही. पुढच्या फेरीला घेतली.

"धन्यवाद म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मी ऐकणारही नाही," तो म्हणाला.

तेराव्या जास्तीच्या फेरीला, छत्तीस किलोमीटर पुरे व्हायला जेमतेम पाचशे मीटर असताना, उजव्या नडगीत असं काही झालं की तिला वाटलं कोणी आतून सुरीने कोरतंय. तिने फेरी संपवली. लंगडत, डोळ्यांत पाणी आणून संपवली. वहीत 'छत्तीस' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पलंगावरून खाली पाय टेकवता येईना.

*

"हाडावर ताण आलाय," फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ आणि बोटं निर्दय होती. "अजून चार दिवस हेच केलं असतं तर हाडाला चीर पडली असती. तीन आठवडे धावणं बंद."

"पण सात-आठ आठवड्यांवर शर्यत—"

"बंद म्हणजे बंद. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"एका माणसामुळे," ठिणगी म्हणाली.

तो माणूस तिसऱ्या दिवशी तिच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. पत्ता सरांनी दिला होता. पाय दुखावल्यावर छत्तीस किलोमीटर जास्त धावल्याचं तेवढं तिने त्यांना कबूल केलं होतं, कशासाठी ते नाही. ती स्टुलावर पाय वर घेऊन, हातात गरम सुरी धरून, मेणात एक सुळा बसवत होती. तिच्या मागे फळीवर ओळीने वीस-पंचवीस कवळ्या मांडलेल्या होत्या.

"या," ती म्हणाली. "कवळी हवीय का? एवढ्यात दात पाडून घ्यायची वेळ येणारच आहे तुमच्यावर."

तो आत आला, पण बसला नाही. त्याची नजर फळीवर होती. "हे सगळे माझ्यावर हसतायत."

"त्यांना पर्याय नाही. मी त्यांना तसंच बनवते."

"सर म्हणाले, तुम्ही ते छत्तीस..." तो थांबला. "मला वाटलं, तुम्ही नेहमीच एवढं धावता. मला माहीत असतं तर..."

"तर काय? खोटा आकडा सांगितला असता?"

तो विचारात पडला. खराच विचारात पडला. एवढ्या वेळात दुसरा कोणीही पटकन 'हो' म्हणून मोकळा झाला असता. "नाही," तो शेवटी म्हणाला. "पण सांगितल्यावर तुम्हाला तसं जाऊ दिलं नसतं. थांबवलं असतं थोडं."

तिच्या हातातली सुरी थंड झाली होती. ती तिने पुन्हा ज्योतीवर धरली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"काही करू शकतो का मी?" त्याने विचारलं.

"धावा."

"काय?"

"मला तीन आठवडे धावता येणार नाहीये. तुम्ही धावा. बघू द्या मला, तुमचे किलोमीटर कसे वाढतात ते."

तिने हे रागानेच म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो तळ्यावर ऑफिसचेच बूट घालून हजर असेल, अशी तिची मुळीच अपेक्षा नव्हती. पण मग ती तरी तिथे कशाला गेली होती?

*

तीन आठवडे ती बाकावर बसली. पाय समोर लांब केलेला, हातात घड्याळ, आणि तोंड चालू. तो बाकापासून पुलापर्यंत जाई आणि परत येई. पहिल्या दिवशी परत येताना तो चालत आला.

"हे काय?" ती म्हणाली.

"दम... लागला."

"बोलता येतंय म्हणजे लागला नाही. खांदे खाली घ्या. मुठी सोडा, कोणाला मारायला निघाला नाहीत. आणि पाय असे जमिनीवर आपटू नका, तिने काय बिघडवलंय तुमचं?"

त्याने नवीन बूट घेतले. तिने नाकं मुरडून ते परत करायला लावले आणि स्वतः दुकानात येऊन दुसरे निवडले. दुकानात तो एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरा बूट घालून उभा होता, आणि ती जमिनीवर बसून अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते चाचपत होती. तेव्हा दुकानातल्या बाईने सहज विचारलं, "मिस्टरांना हाच बरा वाटतोय का?" दोघांपैकी कोणीच चूक दुरुस्त केली नाही. बाहेर आल्यावर दोघंही एकदम हवेबद्दल बोलू लागले.

दर आठवड्याला दहाव्या भागाने. त्यावर एक पाऊल नाही. एकदा त्याने खुशीत येऊन जास्त धावायचं ठरवलं, तेव्हा ती बाकावरून एवढी ओरडली की तळ्यातली बदकं उडाली.

"स्वतः मात्र..." तो म्हणाला.

"म्हणूनच," ती म्हणाली.

बाकावर बसून बसून तिला त्याच्याबद्दल बरंच कळलं. त्याची आई लहानपणीच गेली, वडील फार कमी बोलतात, आणि घरात शब्द कमी असल्यामुळे त्याला आकड्यांची सवय लागली. त्याने तिला विचारलं, कवळी बनवण्यात सर्वांत अवघड काय असतं? ती म्हणाली, रंग. पांढऱ्याचे सोळा प्रकार असतात, आणि सगळ्या लोकांना सगळ्यात पांढरा हवा असतो. तो हसला. त्याच्या दातांचा रंग तिने पहिल्याच दिवशी मनात नोंदवून ठेवला होता, हे ती बोलली नाही. धंद्याची सवय. दुसरं काय?

*

तीन आठवडे झाल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक फेरी चालायची परवानगी दिली. तो सोबत निघाला. ऊन कोवळं होतं, पाण्यावर अजून वाफ होती. दोघं पहिल्यांदाच शेजारी शेजारी चालत होते आणि दोघांनाही आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

बांबूच्या बेटाशी आल्यावर ती डावीकडच्या पायवाटेला वळली.

"तिकडे कुठे?" तो म्हणाला. "वाट इकडे आहे."

"दाराला हात लावायला."

"कुठल्या दाराला?"

"पंपघराच्या. बांबूंच्या मागे आहे, इथून दिसत नाही. हात लावायचा आणि परत यायचं. त्याशिवाय फेरी धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"कोणीच. सरांचा नियम आहे. वीस वर्षांपासून सगळे लावतात." ती चार पावलं पुढे गेली होती. तो येत नाहीये हे पाहून ती वळली. "काय झालं?"

तो पायवाटेवर चालू लागला. सारख्या अंतराची पावलं टाकत, ओठ हलवत. ती मागून गेली. पंपघराच्या हिरव्या दारासमोर तो थांबला. वीस वर्षांच्या घामट तळव्यांनी दाराचा रंग एका जागी पार उडाला होता.

"एकशे वीस," तो म्हणाला.

"काय एकशे वीस?"

"यायला एकशे वीस मीटर." त्याचा आवाज इतका खाली गेला होता की तिला जवळ जावं लागलं. "आणि जायला एकशे वीस."

अर्ध्या मिलिमीटरवर पोट भरणाऱ्या बाईला यापुढची बेरीज समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन हजार सातशे साठ अधिक दोनशे चाळीस. फलक बरोबर होता. सर बरोबर होते. सोळा आठवडे बरोबर होते. तिचा एक मीटरही कुठे गेला नव्हता.

"मला ऑफिसने वाटेची फेरी मोजायला सांगितली होती," तो म्हणाला. "ही वाट कागदावर नाहीच. मला माहीतच नव्हतं की फेरी म्हणजे... मला विचारायला हवं होतं. तुम्ही कुठून कुठे धावता, हे मी विचारलंच नाही."

"मी वाट सोडून चालत नाही," ती म्हणाली. त्याचेच शब्द होते ते.

"हो."

"अकरा वर्षं."

"हो."

"मी हाड मोडायला निघाले होते. जे हरवलंच नव्हतं ते भरून काढायला." तिचा आवाज कापू लागला आणि त्याचाही तिला राग आला. "माझी शर्यत गेली. तुम्हाला कळतंय का काय गेलं ते?"

"कळतंय."

"नाही कळत. तुम्हाला फक्त मोजता येतं."

ती निघाली. जाताना तिने दाराला हात लावला. फेरी अपुरी राहू द्यायला ती तयार नव्हती. तो तिथेच उभा राहिला.

*

नऊ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो सकाळी येत असे म्हणून ती संध्याकाळी जाऊ लागली, आधी चालायला, मग हळूहळू पळायला. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "चुकला बिचारा." तर तिला आईचाही राग आला.

चौथ्या दिवशी एक दात तासता तासता तिच्या मनात आलं: तो गप्प बसला असता तर? बांबूंच्या मागे येऊन, दाराला हात लावून, काही न बोलता परत फिरला असता तर तिला जन्मात कळलं नसतं. त्याला सगळं कळत होतं. हेही कळत होतं, की बोलल्यावर ती निघून जाईल. तरी तो बोलला.

या विचाराने राग कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. असा कसा माणूस? स्वतःच्या फायद्याचं एक साधं खोटं बोलता येत नाही? अशा माणसाशी जन्मभर... ती तिथेच थांबली. 'जन्मभर' हा शब्द मधे कुठून आला, ते तिला कळेना. दात वाया गेला.

दहाव्या दिवशी ती सकाळी गेली.

तो दिसला नाही. बाक रिकामा, पूल रिकामा. मग बांबूंच्या बेटाजवळ तिला पावलांचा आवाज आला. आपटणारी नव्हती ती पावलं, पण तिने ओळखली. तो एकटाच होता. पूर्ण फेरी करत होता. खांदे खाली, मुठी सैल. पायवाटेला वळला, दारापर्यंत गेला, तळवा दारावर टेकवला आणि परत फिरला, तर समोर ती.

"किती फेऱ्या?" तिने विचारलं.

"दोन." त्याला धाप लागली होती. "गेल्या आठवड्यापेक्षा... दहावा भाग जास्त."

"नऊ दिवस विचार करून काय सुचलं?"

"माफी मागायला नीट शब्द सुचला नाही. म्हणून धावत होतो." तो थांबला. "ऑफिसच्या नकाशात ही पायवाट घातलीय मी. साहेबांनी विचारलं, हिचं काय काम? मी सांगितलं, लोक दाराला हात लावतात."

"मग?"

"म्हणाले, सुट्टी घ्या थोडी."

तिला हसू आवरेना. "माझा राग गेलेला नाही," तिने बजावलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "घेऊन चला सोबत."

आणि ती तिघं फेरीला निघाली. ती, तो आणि तिचा राग. राग थोडा मागे पडत होता, एवढंच.

*

शर्यतीच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "एकवीस किलोमीटरपर्यंत माझी हरकत नाही. पुढचं तुमच्या नडगीला विचारा. ती खरं सांगेल, तुम्ही मात्र ऐका."

शर्यतीची रचना सोयीची होती. एकवीसला जरा कमी असताना रस्ता फुटायचा: डावीकडे तीनशे मीटरवर मैदानात एकवीसवाल्यांची शेवटची रेघ, उजवीकडे बेचाळीसवाल्यांची दुसरी फेरी. बेचाळीसला नाव दिलेल्यालाही डावीकडे वळायची मुभा होती. त्याला एकवीसचं पदक मिळे.

एकवीस म्हणजे अर्धं. हाच तर शब्द तिला या जन्मात पुन्हा ऐकायचा नव्हता. तिने नाव बदललं नाही.

अठराव्या किलोमीटरपर्यंत सगळं छान होतं. एकोणिसाव्याला नडगी कुजबुजली. विसाव्याला ती मोठ्याने बोलू लागली.

फाट्यावर दोन्ही हातांत दोन झेंडे घेऊन मोजणीवाला उभा होता. आयोजकांना स्वयंसेवक हवे होते, आणि रस्ता दाखवायला याच्यापेक्षा काटेकोर माणूस त्यांना कुठे मिळणार? त्याच्या शेजारी दादा होता, गळ्यात कॅमेरा अडकवून. तिची चाल पाहताच दादा ओरडला, "डावीकडे वळ गं. पुरे झालं. अर्धं तर अर्धं, कोण काय म्हणतंय?"

तिच्या डोक्यात सणक गेली. पाय आपोआप उजवीकडे झुकले. पण ती थांबली. जागच्या जागी पावलं टाकत त्या झेंडेवाल्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही सांगा," ती धापा टाकत म्हणाली.

"नाही."

"का? नेहमी... तर आकडे... तोंडावर फेकता."

"मी एक आकडा सांगितला आणि तुम्ही पाय मोडायला निघालात," तो म्हणाला. "पाय तुमचा आहे. डावीकडे गेलात तर मी डावीकडे येईन. उजवीकडे गेलात तर पुढचे चार तास इथेच उभा राहीन. मला दोन्ही चालेल."

दादा काहीतरी बोलत होता. मागून लोक येत होते, फाट्यावर वाटले जात होते. ते छत्तीस किलोमीटर आपण कोणासाठी धावलो, असा प्रश्न तिच्या मनात आला, आणि उत्तर गळ्यात कॅमेरा अडकवून समोरच उभं होतं. आत्ता उजवीकडे गेलो तर तेही त्याच्यासाठीच. मग आपल्यासाठी कधी धावणार?

तिने नडगीला विचारलं. नडगीने खरं सांगितलं.

ती डावीकडे वळली.

"शहाणी," दादा म्हणाला.

"तू म्हणालास म्हणून नाही," ती मागे न बघता म्हणाली.

दहा पावलं गेली नसतील, तोच दोरीच्या पलीकडून कोणीतरी सोबत धावू लागलं. तिने मान वळवून पाहिलं. फाट्यावर दादा दोन्ही हातांत दोन झेंडे घेऊन भांबावून उभा होता.

"हे बघा," मोजणीवाला दोरीपलीकडून म्हणाला, धावता धावता, अगदी सहज, जराही धाप न लागता. तिनेच शिकवलं होतं ते. "बोलायला दम नाही अशा तुम्ही मला पहिल्यांदाच सापडलायत. ही संधी परत येणार नाही. मी बोलतो, तुम्ही धावा."

तिने डोळे मोठे केले. तेवढंच शक्य होतं.

"तुम्ही मला आवडता. चाकावर आदळलात तेव्हापासून नाही, खोटं कशाला बोलू? तेव्हा माझी मोजणी बिघडली म्हणून वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून. तुम्ही भांडत भांडत चार फेऱ्या मारल्यात आणि त्या दिवशी मी सगळे उतार चुकीचे लिहिले. नंतर तीन वेळा पुन्हा जाऊन मोजले. खरं तर दुसऱ्याच वेळी बरोबर आले होते. तिसऱ्यांदा उगाच गेलो."

तिने हात हलवला. तो 'गप्प बसा' असाही असू शकत होता आणि 'पुढे' असाही.

"तुमचा राग मला आवडतो. माझ्या घरी कोणी कधी रागावलंच नाही, कारण कोणी बोललंच नाही. बाकी तुम्हाला जे म्हणायचंय ते रेघ ओलांडल्यावर म्हणा."

रेघ आली. तिने ओलांडली. वर घड्याळ काहीतरी आकडा दाखवत होतं, तो तिने पाहिलाच नाही. एका मुलीने गळ्यात पदक घातलं आणि म्हणाली, "अभिनंदन. अर्धं पूर्ण झालं."

"एकवीस," ठिणगी गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली. "अर्धं... नाही. पूर्ण... एकवीस."

मग तो समोर येऊन उभा राहिला. तिने तर्जनी वर केली: थांबा. तो थांबला. तिने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. एवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती तिने अगदी सावकाश, पुरेपूर पाहून घेतली.

"पहिली गोष्ट," ती म्हणाली. "धावणाऱ्या बाईला असं गाठायचं नसतं. हा अन्याय आहे."

"मान्य."

"दुसरी. दादाच्या हातात झेंडे कोणी दिले? तो आता सगळ्या गावाला चुकीच्या वाटेने पाठवेल."

"मान्य. तिसरी?"

तिने तोंड उघडलं. तिसरी तक्रार तिच्याकडे नक्की होती, मघाशी होती. आता शोधूनही सापडेना. तिला स्वतःचाच राग आला.

"तिसरी नाहीये," ती म्हणाली. "हो."

तो जणू काही करायलाच हवं म्हणून खाली बसला आणि तिच्या बुटाला बांधलेली वेळ मोजायची पट्टी सोडवू लागला. गाठ आणखी घट्ट होत गेली.

"उलटीकडून ओढताय," ती चिडून म्हणाली. तोल सावरायला तिने त्याच्या खांद्यावर हात टेकवला, आणि गाठ सुटली तरी तो तिथेच राहू दिला.